दिवे जळून राहिले

पांढुर्ण्याच्या माझ्या घरमालकीण काकूंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरातली वीज वापरू दिली, आणि चुलीवरची भाजी सोडून त्या मी बनवलेल्या ॲम्प्लिफायरच्या डब्यासमोर बसल्या. हे आधी सांगतो, कारण पुढचं हसू त्यांच्यावर नाही, माझ्यावर आहे.

मी रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि इतक्या लांब, रेडिओदुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो. नवं मध्य प्रदेश राज्य होत होतं, त्याची सौंसरला सभा होती, आणि ऐन वेळी दुकानातला ॲम्प्लिफायर बंद पडला. "मी बनवतो," असं मालकांना बोलून गेलो.

"बनव. वाजला तर राह्य कायमचा. नाही तर गावची गाडी पकड."

तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर जुने व्हॉल्व, म्हणजे काचेच्या नळ्या, बसवले. माइक डब्याला जोडला, भोंगा ओसरीत टांगला. वीज सोडायची वेळ आली. बटण पार दाराजवळ, म्हणून म्हटलं, "काकू, हात लावू नका. फक्त काचेच्या नळ्यांत काय होतं ते सांगा."

बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग काकू ओरडल्या, "जळून राहिले रे बाप्पा! सगळेच जळून राहिले!"

मी खाडकन बटण बंद केलं. व्हॉल्व गेले, नोकरी गेली. डोळ्यांत पाणीच आलं.

"काऊन बंद केलं? मस्त जळून राहिले होते."

"जळाले ना, काकू?"

"अरे बावा, दिवा जळते तसे! लाल लाल. खराब झाले असते तर 'जळून गेले' म्हटलं नसतं का मी?"

आमच्याकडे विजेचा दिवा पेटतो. जळतं ते वाया जातं. हे त्यांना सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पुन्हा बटण दाबलं. भोंगा घुमला. काकूंनी माइक ओढून घेतला. "हालो! मी बोलून राहिली. आवाज येऊन राहिला का?"

समोरच्या घरातून शेजारीण ओरडली, "येऊन राहिला वो! अन् वासही येऊन राहिला. तुमची भाजी जळून गेली!"

सौंसरच्या सभेत डबा शेवटपर्यंत बोलला. मालक एवढंच म्हणाले, "उद्या दुकान लवकर उघडजो."

काकूंच्या घरी अजून रेडिओ नाही. एक दिवस माझ्या हातानं बनवून त्यांच्या चुलीशेजारी बसवीन, हे मी मनाशी पक्कं केलं आहे.