चर्चच्या शेतातला राखलेला कोपरा

टण्ण! रिकाम्या पत्र्याच्या डब्यात पहिली शेंग पडली की असा आवाज व्हायचा. मग दुसरी, तिसरी, मग चार-पाच एकदम. डबा भरत जाई तसा आवाज जाड होत जाई, आणि शेवटी नुसतं खस्स. तेवढं ऐकलं की आई कंबर सरळ करायची आणि म्हणायची, "चल, आजचं झालं." मी बांधावर बसून शाळेतल्या कविता मोठमोठ्यानं म्हणत असे आणि आईचा डबा ताल धरत असे. त्याला सत्तर वर्षं होत आली. बऱ्याच कवितांच्या ओळी निसटल्या, पण तो ताल काही निसटला नाही, अशी माझी समजूत होती.

म्हणून तर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, उपासना संपल्यावर तरुण संघाची सुवार्ता पुढे येऊन म्हणाली, "नेसरीकडच्या मंडळीच्या शेतात भुईमुगाची काढणी आहे, कोण कोण येणार?" तेव्हा पहिला हात माझा वर गेला. सुवार्ता पेशानं नर्स. तिनं आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, तिथं खुर्ची नसते हं."

"मला बांध पुरतो," मी म्हणालो.

ज्यांना कधी जावंसं वाटेल त्यांच्यासाठी सांगतो. दर वर्षी कापणीच्या सणाआधी शहरातली मंडळी, म्हणजे चर्चचे सभासद, खेड्यातल्या मंडळीच्या शेतावर राबायला जाते. सणाच्या रविवारी आपापल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे ठेवायचं आणि देवाचे उपकार मानायचे, असा हा सण. आम्ही शुक्रवारी पहाटे चौदा जण कोल्हापुरातून टेम्पोनं निघालो, माणशी साडेतीनशे रुपये. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज आणि पुढे नेसरीचा रस्ता. एसटीनं येणाऱ्यानं गडहिंग्लजला गाडी बदलावी. संकेश्वरच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथं वडा खाल्ला. वड्यापेक्षा सोबतची मिरची लक्षात राहिली. गडहिंग्लज सोडलं की उसाची भिंत हळूहळू सैल होते, भाताचे तुकडे दिसू लागतात, आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं शिवार नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखं लख्ख दिसतं. मला दोन ओळी सुचल्या. टेम्पोत कुणी ऐकून घेतल्या नाहीत.

चर्च छोटं, पत्र्याचं. शेजारी एक खोली, तिथं सतरंज्या. आमचं सामान उतरवून घ्यायला याकोब अण्णा उभे होते. पंचकमिटीचे कारभारी, सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. शेताची सगळी देखरेख त्यांच्याकडे.

"या पावणं! शेंगा खायला आलाय का काढायला?"

"दोन्हीला," सुवार्ता म्हणाली.

"मग आदी काढा. पत्रं गळाल्यात चर्चचं. हितली एकेक शेंग पत्र्याला जाणार हाय. एक बी वाया जाता कामा न्हाय, सांगून ठेवतो."

हे वाक्य मी मनावर घेतलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेली. पोरांचे दोन गट पाडले, शर्यत लावली आणि जागच्या जागी एक घोषणा रचली:

शेंग लपे मातीआड,
सोडू नको, वाकून काढ!

वेल उपटून झाले की खुरप्यानं माती उकरायची, बोटांनी चाळायची. पोरं आरोळ्या देत होती, मी बांधावरून ताल धरत होतो. संध्याकाळपर्यंत निम्मं शेत असं साफ झालं की चिमणीलासुद्धा काही उरलं नसतं. अण्णांनी पहिल्यांदा हसून माझ्या पाठीवर थाप मारली. रात्री भाकरी, पिठलं, ठेचा. जेवण मंडळीकडून, पैसे कुणी घेत नाही. आपण तेल-साखर नेली तर घेतात. फार वर्षांनी मी विजयी माणसासारखा झोपलो.

शनिवारी सकाळी आम्ही शेतावर पोचलो तर काढलेल्या निम्म्या भागात एक म्हातारी फिरत होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एका हातात खुरपं, दुसऱ्यात पत्र्याचा डबा. ती वाकायची, उकरायची, पुढे सरकायची. एक ओळ संपली, दुसरी संपली.

माझ्या कानांना काहीतरी कमी वाटत होतं. थोड्या वेळानं कळलं. डबा वाजतच नव्हता.

"कोण ही?" मी अण्णांना विचारलं.

"तानूआक्का. ओढ्यापलीकडची. तीस वर्सं हितं सरव्याला येतीया." सरवा म्हणजे मालकाची काढणी झाल्यावर मातीत राहिलेलं वेचणं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझी आई ज्या शेतांत वेचायची, त्यांतलं एकही आमचं नव्हतं.

म्हातारी कमरेवर हात ठेवून आमच्यासमोर उभी राहिली. "कोल्लापूरच्या पावण्यांनी काढलं व्हय शेत? झाडून नेलं की वो! उंदीर बी एवडं नेत न्हाय." पोरं हसली. ती हसली नाही. "वर्साचं त्याल आन् चटणी ह्याच मातीतनं निघती माजी. औंदा काय खाऊ? तुमची गाणी?"

म्हणजे काल तिनं ओढ्यापलीकडून माझी घोषणा ऐकली होती. मी खाली पाहिलं. मग घाईनं शेंगांच्या ढिगाकडे गेलो, पोतं उचलायला लागलो. "आक्का, हे घ्या. भरून न्या."

"ठेव खाली." तिचा आवाज शांत होता. "पोत्यातनं दिलंस तर ते दान झालं. मी मागायला आली न्हाय. मातीत ऱ्हायलेलं माजं असतंय."

मी पोतं खाली ठेवलं. पवित्र शास्त्रात तेच तर सांगितलंय. शेताचा कोपरा मालकानं कापायचा नाही, गळालेलं मागे वळून उचलायचं नाही. ते परक्याचं, विधवेचं. दया म्हणून नव्हे, देवानं तिच्या वाट्याला ठेवलंय म्हणून. मी हे रविवार-शाळेत कित्येक वर्षं शिकवलं. आणि शेतात उतरल्यावर ते विसरून, वर यमक जुळवून, तिच्या वाट्याचं वेचून आणलं.

निम्मं शेत अजून उभं होतं. मी अण्णांना म्हणालो, "आज नुसते वेल उपटू. माती उकरायची नाही. आणि ओढ्याकडचा कोपरा तसाच ठेवू."

अण्णांचं हसू गेलं. "आन् पत्रं? ती कुटं आपल्या मंडळीतली हाय, मास्तर? चर्चचं शेत हाय हे."

"चर्चचं आहे म्हणूनच, अण्णा."

"तुमी उद्या टेम्पोत बसून जाशीला. गळत्या छताखाली आमी बसनार."

ते खरंच होतं. बांधावरच्या चिंचेखाली सगळे गोळा झाले. अण्णांना खोटं पाडावंसं मला वाटत नव्हतं. मी फक्त आईचा डबा सांगितला. पहिल्या शेंगेचा टण्ण, शेवटचा खस्स. त्या डब्यातल्या शेंगांवर मी सातवीपर्यंत पोचलो हेही सांगितलं. चारचौघांत आयुष्यात पहिल्यांदाच. शाळेत असताना 'सरव्याचं पोर' म्हणून चिडवायचे, तेव्हापासून ते मी झाकून ठेवलं होतं. कविता एकही म्हटली नाही.

मग सुवार्तानं हातातलं खुरपं जमिनीवर ठेवलं. तिच्यामागे दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. तेरा खुरपी चिंचेखाली पडली.

अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "किती वळी सोडायच्या?" त्यांनी विचारलं, पण मला नाही, तानूआक्काला.

ती कोपऱ्यापाशी गेली, बांधापासून मोजत आली. "नऊ. धाव्वी तुमची."

"सात!"

"नऊ म्हंजे नऊ, अण्णा. बाजारात न्हाय आलो आपण."

नऊच ठरल्या. आम्ही राहिलेलं शेत गावातल्या बायका काढतात तसं काढलं. वेल उपटला, झटकला, पुढे गेलो. मागे वळायचं नाही. आणि दुपार कलताना, आमच्या पाठीमागे, टण्ण! मी बांधावर उभा राहिलो. टण्ण, टण्ण. तिच्याबरोबर आणखी चार जणी आल्या होत्या. पाच डब्यांचा तो गजर चर्चच्या घंटेपेक्षा मोठा वाटला. मला नाचावंसं वाटलं. गुडघ्यांनी नकार दिला, तरी मी दोन पावलं टाकलीच. सुवार्ता ओरडली, "मास्तर, पडाल!" पडलो नाही.

रविवारी वेदीपुढे भात, नाचणी, ऊस, मिरच्या, शेंगांची पोती. गीत चालू असताना दारात तानूआक्का उभी राहिली. आत आली नाही, पायरीवर एक झाकलेलं ताट ठेवून निघून गेली. शेंगदाण्याची चटणी, नुकती कुटलेली, लसणाच्या वासाची. उपासनेनंतरच्या प्रीतिभोजनात अण्णांनी ती दोनदा वाढून घेतली. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. टेम्पो निघताना हात हलवला तोही सुवार्ताकडे बघून.

घरी येऊन आठ दिवस झाले. जाणाऱ्यांनी टोपी न्या, हातमोजे न्या, आणि गावातल्या बायका कसं काढतात ते आधी पाहा. कंबर अजून कुरकुरतेय, नखांतली माती परवापर्यंत होती. मनात आनंद आहे, पण अण्णांचं न बोलणं कुसळासारखं टोचत राहिलंय. यंदाचा कोपरा वाचला. पुढच्या वर्षी कदाचित मी तिथं नसेन, सुवार्ता नसेल, पत्रे गळतच असतील. मग नऊ ओळी कोण राखणार?

एवढं लिहून चष्मा काढला आणि बेल वाजली. दार उघडलं तर याकोब अण्णा. पांढरी टोपी, काखेत पिशवी, एसटीच्या धुळीनं माखलेले. नमस्कार वगैरे काही नाही.

"कमिटीत ठरलं. कोपऱ्यावर दगुड रोवायचा हाय. नऊ वळी सरव्याच्या, कायमच्या. दगडावर लिवायला अक्षर चांगलं पायजे म्हून आलो." पायातल्या चपला काढता काढता ते थबकले. "आन् आक्कानं निरोप दिलाय. मास्तरला सांगा, कविता नगं. चार शब्द पुरं."