मधल्या मापाचे शिंपले

नागपूरहून निघताना माझ्याजवळ दोन मोठे डबे होते आणि दोन्ही रिकामे. बायको म्हणाली, लोक डबे भरून नेतात आणि रिकामे आणतात, तुमचं सगळंच उलटं.

पण माझी अब्रू त्या डब्यांवरच होती. कॉलेजच्या कपाटात नदीतले दोन शिंपले होते. एक लहान, पातळ, गोलसर. दुसरा जाड, हाताच्या पंजाएवढा लांबट. आमचे प्रोफेसर म्हणत, या दोन जाती. मी म्हणे, जात एकच, वयाप्रमाणे अंग बदलतं. शेवटी त्यांनी सर्वांसमोर सुनावले, की मधली मापे आणून दाखवा, नाहीतर 'दोन जाती' अशी चिठ्ठी तुमच्याच हाताने डकवा.

यवतमाळहून घाटंजीची मोटार मिळाली. बाजाराचा दिवस होता, त्यामुळे अर्धा प्रवास एका बाईची कोंबडी मांडीवर घेऊन झाला. पुढे बैलगाडीने तांड्यावर (बंजाऱ्यांच्या वस्तीवर) पोचलो. तिथल्या नाईकांच्या घरी उतरायचे ठरले होते. ज्वारीची भाकर आणि असा ठेचा समोर आला, की माझ्या डोळ्यांतले पाणी पाहून नाईकांनी घरच्यांची खुशाली विचारली.

तांड्याजवळची नदी उन्हाने आटली होती. गुडघाभर चिखलात मी रिकामे शिंपले वेचत होतो. मोती निघेल या आशेने एक म्हातारबुवा दुपारपर्यंत मागे फिरले, मग मला नमस्कार करून निघून गेले. मी मात्र खूश होतो. करंगळीच्या नखाएवढ्यापासून पंजाएवढ्यापर्यंत सगळी मापे सापडली. ओसरीवर ती ओळीने मांडली. आकार गोलाचा लांबट होताना उघड दिसत होता. मी निर्धास्त आंघोळीला गेलो.

परत येतो तो ओळीच्या मधोमध खिंडार. नाईकांच्या बायकोला सगळे याडी (आई) म्हणत. ती दगडावर माझा शेवटचा मधला शिंपला घासत होती. प्रत्येकाच्या पोटाला धारदार भोक पाडलेले, आणि शेजारी लोणच्याच्या कैऱ्यांची रास.

"मास्तर, तुम्ही येवढे शिपले आणले, मंग मीच घासून टाकले," ती म्हणाली. "लहान हातात बसत नाही, मोठा जड पडते. हेच सोलाले बरे."

पाहुणा लोणच्याला हातभार लावतो आहे, अशी तिची समजूत. मला रडू कोसळायचेच बाकी होते. शेवटी मीही तिच्या शेजारी त्या भोकांच्या धारेने कैऱ्या सोलायला बसलो. तासाभराने हातातल्या शिंपल्याकडे नीट पाहिले. भोक पोटाला होते, कडेचा आकार जसाच्या तसा होता. मी ते सगळे मागून घेतले. याडीने बदल्यात सगळी रास माझ्याकडून सोलून घेतली.

प्रोफेसरांनी ओळ दोनदा न्याहाळली आणि 'एकच जात' अशी चिठ्ठी स्वतः लिहिली. भोके कसली, हे मात्र विचारले. मी खरे ते सांगितले.

शिंपल्याचे अंग वयाप्रमाणे बदलते, माणसाचे मत पुराव्याने, असे मी तेव्हापासून मानतो. आता दर उन्हाळ्यात कपाटातली मधली मापे नाहीशी होतात आणि पाऊस लागला की जागेवर येतात. त्यांना हिंगाचा वास असतो. प्रोफेसरांना मी अजून काही विचारलेले नाही, कारण त्यांच्याकडून लोणच्याची एक बरणी आमच्याही घरी येते.