मामांच्या भिंतीवरचा उन्हाळा

हैदराबादेत कुणी 'आज ऊन फार आहे' म्हणावं आणि आमच्या मामांनी ते निमूट ऐकून घ्यावं, असा दिवस अजून उगवायचाय. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, मुक्काम मलकपेठ. बाजार नुकताच खुला झाला होता, घरोघरी केबलची वायर शिरली होती आणि त्या वायरीतून रोज काहीतरी नवं कळत होतं. पृथ्वी तापते आहे, ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे, आपल्या देशातले दवाखाने पार रसातळाला गेले आहेत. आम्ही आपले माना डोलवायचो. मामा टीव्ही बंद करायचे आणि मग त्या बंद टीव्हीशी भांडत बसायचे.

त्यातही उन्हाच्या बाबतीत त्यांच्याकडे पुरावा होता. आबिड्समधून आणलेला एक थर्मामीटर त्यांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर टांगला होता. सुलतान बाजारातला कापडवाला सहज बोलून गेला, "साब, धूप हर साल बढ रही." झालं! समोर उलगडलेली साडी तशीच टाकून मामा त्याला थर्मामीटर बघायला घरी चला म्हणू लागले. मामींची साडी राहिली ती राहिलीच. पण खरं सांगतो, त्या भिंतीवरचा पारा हलत नसे. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि मामांकडे आपला माघ महिना! मी कित्येक दिवस चक्रावून गेलो होतो. मग एका दुपारी उलगडा झाला. मामींना ऊन सोसत नाही म्हणून मामांनीच व्हरांड्याला वाळ्याचा पडदा लावून घेतला होता. थर्मामीटर त्या पडद्याच्या आत होता आणि मामी येता-जाता तांब्याभर पाणी पडद्यावर मारत होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मामा आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "राहू द्या हो. तेवढ्यानं ह्यांचं डोकं गार राहतं, आपलं काय जातं?"

बरं, मामांचं म्हणणं मान्य केलं की सुटका, असंही नाही. एका लग्नाच्या पंगतीत मी भाबडेपणाने त्यांची बाजू घेतली, ऊनबिन काही वाढलेलं नाही म्हणालो. तर मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून स्वारी माझ्यावरच घसरली. कशावरून म्हणता, जावईबापू? तुम्ही मोजलंत? वाढपी जिलेबी घेऊन उभा, मी लाल आणि शेजारचे हसताहेत. ह्या गृहस्थांचं नेमकं मत काय, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. बायको म्हणते, मामाला मत नसतंच, फक्त विरुद्ध बाजू असते.

मग एका सकाळी मामींच्या छातीत कळ आली. आम्ही सगळे धावलो. मेहुण्याचं म्हणणं, काचेच्या भिंतींचा तो नवा खासगी दवाखाना आहे तिथे न्या, सरकारीत गेलेला माणूस परत येत नाही. मामांनी लगेच विचारलं, किती जणांना विचारलंस? मेहुणा पेटला. मी समेट करायला गेलो तर दोघेही माझ्यावर उलटले. इकडे मामी, छातीवर हात, चेहरा पांढराफटक, स्वतःच पायऱ्या उतरून रिक्षात बसल्या आणि जो दवाखाना जवळ असेल तिथे चल म्हणाल्या. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही भानावर आलो. मामा अनवाणी धावले. जवळचा दवाखाना निघाला सरकारी. तिथला एक तरुण डॉक्टर दिवसभर मामींच्या खाटेजवळून हलला नाही आणि मामी सुखरूप घरी आल्या. आनंदाच्या भरात मी म्हणालो, मामा, जिंकलात! ते मामींसाठी मोसंबी सोलत होते.

"एका पेशंटवरून काय ठरतं?" ते म्हणाले. सोललेली फोड मात्र बियांसकटच मामींच्या हातावर ठेवली.

पुढल्या थंडीत मामी झोपेतच गेल्या. तिथे दवाखान्याचा प्रश्नच आला नाही आणि वादाचाही नाही.

उन्हाळ्यात भेटायला गेलो. मामा व्हरांड्यात थर्मामीटरसमोर खुर्ची टाकून बसले होते. जरा खुलतील म्हणून मी मुद्दाम म्हटलं, आज ऊन फार आहे.

"हो," मामा म्हणाले. "वाढलंय ऊन, जावईबापू. तुम्ही सगळे म्हणत होता ते खरं होतं."

पारा खरंच भलता वर चढला होता. पडदा कोरडा ठणठणीत, त्याच्या काड्या खाली गळलेल्या. इतकी वर्षं ज्या कबुलीसाठी आम्ही तडफडलो ती मिळाली होती आणि मला ती मुळीच नको होती.

"एका भिंतीवरून काय ठरतं, मामा?" मी म्हणालो. मग आत जाऊन तांब्या भरून आणला आणि पडद्यावर पाणी मारलं. वाळ्याचा वास सुटला. मामा टक लावून बघत होते. आता मामींची चोरी पकडली जाणार, असं वाटून मी थबकलो.

"तो डावा कोपरा राहिला," मामा म्हणाले. "ती तिथपर्यंत भिजवायची."

मी आणखी एक तांब्या भरायला आत गेलो.