डबल बेल

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी मोबाइल घेतला. सुरतमधल्या नवागामच्या आमच्या गल्लीतला तो पहिला. काळा, जाडजूड, वर बोटभर अँटेना, आणि चामड्याच्या पाकिटात घालून कमरेच्या पट्ट्याला लावायचा. मी ग्रे कापडाचा दलाल होतो. म्हणजे लूमवरून उतरलेलं, रंग न चढलेलं कापड कारखानदाराकडून रिंग रोडच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्याला विकून द्यायचं, एवढाच माझा धंदा. फोन धंद्यासाठी घेतला असं मी ज्याला त्याला सांगायचो. खरं म्हणजे मला तो हवाच होता. घेतल्यावर आठ दिवस मी शर्ट खोचून फिरलो, नाहीतर पाकीट झाकलं गेलं असतं. बायको म्हणाली, "अहो, जेवताना तरी काढा तो पट्टा." मी नाही काढला.

मला वाचनाचा नाद कधीच नव्हता, पण फोन आला आणि बातम्यांचा नाद लागला. सकाळी गुजराती पेपर आला की भाव, भविष्य सोडून मी मोबाइलचं काय आलंय ते शोधायचो. कुठला नवा सेट येतोय, कुणाची बॅटरी दोन दिवस चालते, उधन्याकडे टॉवर उभा राहिला की नाही. सापडलं की ब्लेडनं कापायचं आणि चॉकलेटच्या डब्यात ठेवायचं. गल्लीतले लोक ओट्यावर बसून विचारायचे, "केम भाई, शुं नवुं आव्युं?" आणि मी मंत्र्यासारखा एकेक बातमी सोडायचो. त्यातलं निम्मं मला स्वतःलाच कळत नव्हतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना कळत होती. तेव्हा समोरून आलेला फोन नुसता उचलला तरी आपल्यालाच पैसे पडायचे, आणि ते काही थोडे नव्हते. त्यामुळे माणसं फोन घ्यायची आणि वाजला की घाबरायची. माझी मुलगी आता हे ऐकून हसते. हसण्यासारखंच आहे ते.

आबा, म्हणजे माझे वडील, तिकडे गावी असायचे. आमचं गाव नवापूरच्या पुढे, सुरतहून पॅसेंजरनं अर्ध्या दिवसाचं. आबांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी अंगातली एसटी उतरली नव्हती. आमच्या घरात बेलची भाषा चालायची. बसमध्ये कंडक्टरनं दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. आबा तीच रीत ताटावर आणायचे. ताटावर एक टिचकी म्हणजे बस, दोन टिचक्या म्हणजे वाढ अजून. माय न बोलता वाढायची आणि न बोलता थांबायची. त्या दोघांचा निम्मा संसार या टिचक्यांवर झाला असावा.

मी फोन घेतल्याचं पत्र टाकलं तेव्हा आबांनी स्वतःच तोडगा काढला. उलट टपाली उत्तर आलं. अक्षर जुनंच, कंडक्टरचं वेबिल भरल्यासारखं ठासून काढलेलं. दर रविवारी सकाळी दहाला ते स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर जातील. माझा नंबर फिरवतील, एकदा वाजू देतील आणि ठेवतील. लगेच पुन्हा फिरवतील, एकदा वाजू देतील आणि ठेवतील. ही झाली डबल बेल. म्हणजे सगळं बरं आहे, गाडी चालू दे. एकदाच वाजून थांबला तर सिंगल बेल. म्हणजे थांब, आणि मला बूथवर फोन लाव. मी उचलायचा नाही. दोन्हीकडे कुणाला काही पडायचं नाही. पत्राच्या शेवटी त्यांनी बूथचा नंबर दोनदा लिहिला होता, आणि खाली रेघ मारली होती.

मग दर रविवारी दहाला माझा फोन वाजायचा. टुर्र. शांत. टुर्र. शांत. बाहेरगावच्या फोनचा नंबर त्या सेटवर उमटायचा नाही, पण रविवारी दहाला दुसरं कोण करणार? मार्केट बंद, कारखानदार झोपलेले. मी फोन ओट्यावर समोर ठेवून बसायचो. दोन बेल झाल्या की आत हाक मारून सांगायचो, "आबा बरे आहेत," आणि बायको चहा टाकायची. मला वाटायचं, बापाशी बोलणं झालं. एक शब्दही न बोलता मी असं कित्येक महिने समजत राहिलो.

त्याच सुमारास पेपरात यायला लागलं की इनकमिंग फुकट होणार. आधी एक ओळ आली, मग चौकट, मग पहिल्या पानावर. मी हे कात्रण डब्यात न ठेवता आबांना पाठवलं. त्यांना गुजराती वाचता यायचं नाही, म्हणून समासात बारीक अक्षरात मराठीत लिहिलं, आणि खाली लिहिलं की आता थोडंच थांबा, फुकट झालं की दर रविवारी तासभर बोलू. हे वाक्य मी लिहिलं. कुणी माझ्याकडून लिहवून घेतलं नव्हतं. बूथवर जाऊन आठवड्याला पाच मिनिटं बापाशी बोलणं मला जड नव्हतं. दलाली बरी चालली होती. पण मला वाटत होतं, फुकट होतंच आहे तर आत्ता कशाला? बातम्या वाचणाऱ्या माणसाला हा रोग लागतो. उद्या काय होणार हे त्याला ठाऊक असतं आणि तो आजचं काही करत नाही.

आणि ती बातमी दर महिन्याला नवी व्हायची. पुढच्या महिन्यापासून. नाही, अडलं. पुन्हा ठरलं. पुन्हा अडलं. खरंच व्हायला त्यानंतर आणखी काही वर्षं गेली. झालं त्या दिवशी मी पेपर घेतला नाही.

एका रविवारी सिंगल बेल आली. एकदाच वाजला आणि थांबला. मी दोन मिनिटं वाट पाहिली. दुसरी नाही. माझ्या मोबाइलवरून बाहेरगावी फोन लागायचा नाही. पायात चप्पल न घालता मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बूथवर पळालो. लाइन लागेपर्यंत घामाघूम झालो होतो. आबांनीच उचलला. मी ओरडलो, "काय झालं? माय बरी शे ना?"

"सगळं बरं शे," आबा म्हणाले. आवाज खूश होता. "ते फुकट कव्हय व्हई रे? इठला बूथवाला म्हणस, व्हवाव नही."

म्हणजे बूथवाल्याशी वाद झाला होता, होणार की होणार नाही, आणि आबांना माझ्याकडून निकाल हवा होता. एवढ्यासाठी सिंगल बेल. मी चिडलो. भीतीचा राग झाला की तो फार वाईट निघतो. मी म्हणालो, "आबा, आशी उगीच बेल देवानी नही. गाडी उगीच थांबाडतस का?"

आबा म्हणाले, "बरोबर शे. चुकनं मनं." आणि लगेच, "ठेव, तुनं मीटर पळस." त्यांनी ठेवला.

आयुष्यभर गाड्या थांबवणाऱ्या आणि सोडणाऱ्या माणसाला मी बेल कधी द्यायची ते शिकवलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट ओट्यावर येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि लोक हसले.

त्यानंतर आबांनी नियम काटेकोर पाळला. दहाला दोन बेल, कधी पाच मिनिटं इकडेतिकडे नाही. दीडेक महिना असा गेला असेल.

मग तो रविवार. पेपरात मोठी बातमी होती. इनकमिंगचं पक्कं ठरल्यासारखं छापलं होतं, आणि त्याच पानावर नव्या सेटचं चित्र होतं, अँटेना आत असलेला. ओट्यावर चार-पाच जण जमले होते आणि मी मोठ्यानं वाचत होतो. फोन वाजला. टुर्र. थांबला. मी बोट वाचलेल्या ओळीवर ठेवून दुसऱ्या बेलची वाट पाहिली. ती आली नाही. एकानं विचारलंही, "शुं थयुं? घरनो हतो?"

मी काय विचार केला ते मला स्वच्छ आठवतं. मी विचार केला, म्हातारा पुन्हा विचारणार, फुकट कधी. आणि आज तर बातमीच आलीय, उद्या कात्रण टाकतो, वाचेल. बूथ दोनशे पावलांवर होता. मी म्हणालो, "लाइन कापली गेली असेल," आणि पुढची ओळ वाचायला लागलो. बायको दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "एकच वाजली ना?" मी म्हणालो, "टाक तू चहा."

हे एवढंच आहे. यात दुसरं काही दडलेलं नाही. मी गेलो नाही.

मंगळवारी मी मार्केटमध्ये कापडाच्या गाठी मोजत उभा होतो तेव्हा फोन वाजला आणि वाजतच राहिला. चार, पाच, सहा. मी उचलला. गावचा बूथवाला होता. आमच्या गावाहून या फोनवर उचललेला पहिला फोन तो. त्यानं सांगितलं, आबा गेले. पहाटे छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं.

दुपारच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. गाडी बारडोलीच्या पुढे गेली आणि फोनवरच्या रेंजच्या रेघा एकेक करून गेल्या. व्याऱ्याला पाहिलं तेव्हा एकही नव्हती. सुरत सोडून लांब गेलं की तो चालत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मी तो काढून काढून बघत होतो. शेवटी बायकोनं माझ्या हातातून घेतला आणि तिच्या पिशवीत टाकला.

दहावं झाल्यावर मी बूथवर गेलो. बूथवाला माझ्याच वयाचा, कधी काळी आबांच्या गाडीनं शाळेत जाणारा. मी विचारलं, रविवारी आबा काय म्हणाले? तो म्हणाला, "काही बोलले नाहीत. एक बेल दिली आणि बाकावर बसले. मी म्हटलं, आबा, दुसरी लावू का? म्हणाले, नाही, आज एकच. तो करेल आता फोन. बसले तासभर. कुणी दुसरा फोन करायला आला की घाईघाईनं म्हणायचे, लवकर आटप रे, माझा यायचाय."

मी विचारलं, "छातीत दुखतं असं काही?"

"हात असा चोळत होते," तो म्हणाला. "मी विचारलं तर म्हणाले, दोरी ओढून ओढून हात गेला. मग अकराला उठले. म्हणाले, कामात असेल."

मायला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्यांना काय बोलायचं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. दुखतं म्हणून सांगायचं असेल, किंवा ये म्हणायचं असेल, किंवा खरंच फुकट कधी एवढंच विचारायचं असेल. मी एकदा रागावल्यावर उगाच बेल देणारा तो माणूस नव्हता, इतकं मला कळतं. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात मी पाठवलेलं कात्रण होतं. घडी घालून घालून चार तुकडे झालेले, पण समासातलं माझं अक्षर वाचता येत होतं. थोडंच थांबा.

मी मायला सुरतला चल म्हणालो. ती म्हणाली, वर्ष होऊ दे. आम्ही परत आलो. मी ओट्यावर बसणं सोडलं. पेपर बंद केला. चॉकलेटचा डबा बायकोनं कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

महिन्याभरानं एका रविवारी मी घरात जमिनीवर पडलो होतो. फोन खिडकीत चार्जिंगला होता. दहाला तो वाजला.

मी धडपडत उठलो आणि पहिली रिंग संपायच्या आत बटण दाबलं. कानाला लावला. पलीकडे रस्त्याचा आवाज, एसटीचा हॉर्न. मी म्हणालो, "हॅलो? कोण?"

मायचा आवाज आला. तिनं आयुष्यात फोन हातात धरला नव्हता. ती फार मोठ्यानं बोलत होती.

"कसाले उचला रे भाऊ?" ती म्हणाली. "माले आजून एक बेल देवानी व्हती."

मी नुसतं "माय" म्हणालो.

"रडू नको. पैसा पडतीन तुले," ती म्हणाली. "ठेव. आते उचलजो नको."

तिनं ठेवला. मी फोन हातात धरून भिंतीला टेकलो. बायको स्वयंपाकघरातून आली आणि माझ्याजवळ बसली. फोन पुन्हा वाजला, एकदा, आणि थांबला. माझा अंगठा बटणावर होता. मग दुसऱ्यांदा वाजला, एकदा, आणि थांबला.

मी उचलला नाही. बायकोला म्हणालो, "माय बरी आहे." ती उठली आणि तिनं चहा टाकला.