मिशीसकट छापलेला माणूस

भगवानभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या बायकोनं, मायाबाईंनीच केला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमचे दोस्त गेले. पेपरवाल्याईले मात्र सांगू नका." महिना होत आला, तरी ते वाक्य कानातून जात नाही…

भगवानभाऊ आमच्या झाडीपट्टी रंगभूमीवरचे खलनायक. वडशाच्या नाटक कंपन्यांमधून आम्ही बरोबर कामं केली; मी नायकाचा बाप, ते गावाला लुबाडणारा सावकार. जाड मिशी लावून ते आले की मंडपातल्या बाया त्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या. पहाटे चहाच्या टपरीवर भाऊ खूश. "आज लय शिव्या भेटल्या गा. काम जमलं आपलं." घरी मात्र या माणसानं साधा किराणाही कधी उधार आणला नाही.

मग एका पेपरनं कर्जबुडव्यांची बातमी छापली. त्यात दुसऱ्या तालुक्यातला एक राईस मिलवाला होता, नाव-आडनाव भाऊंचंच. वार्ताहराला फोटो हवा होता आणि भाऊंचा चेहरा तर चौकाचौकात नाटकाच्या पोस्टरवर. त्यानं तोच उचलून लावला, मिशीसकट.

आमच्याकडे नाटक ठरतं ते शब्दावर. गावचं मंडळ येतं, विसाराचे आगाऊ पैसे देतं, कलावंत हो म्हणतो, संपलं. त्या हंगामात एका मंडळाच्या अध्यक्षानं भाऊंसमोरच विचारलं, "इसार घेऊन पळाले तं कुठी शोधाचं?" भाऊंनी त्यानंतर मिशी लावली नाही. कामं तशीही येईनाशी झाली होती.

पेपरनं दिलगिरी छापली, टेंडरच्या नोटिशींखाली, दोन ओळींत. भाऊंनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. मी म्हटलं, जाऊ द्या आता.

"काऊन जाऊ देऊ? मले पैसा नाई पाह्यजे. जेवढा मोठा फोटो टाकून मले चोर केलं, तेवढाच मोठा टाकून म्हणा, का हा चोर नाई."

पुढं नुसत्या तारखा… कधी पेपरचा वकील आजारी, कधी जज्जसाहेब रजेवर. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून गडचिरोलीला जायचे आणि तसेच परत यायचे.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे भाऊंच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्यांचे वकील आले होते. दावा आता मी चालवू का, असं मायाबाईंनी विचारलं. वकिलांनी मान खाली घातली. असा दावा माणसाबरोबरच संपतो म्हणाले. म्हणजे तारखा लांबवणारे जिंकले. मला तेव्हाही संताप आला, आताही आहे.

पेपरला कुणीतरी कळवलंच होतं. 'ज्येष्ठ नाट्यकलावंत हरपला' अशी बातमी आली. वर तोच फोटो, भाऊंनी मागितला होता तेवढाच मोठा.

मायाबाईंनी तो पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि फळीवरचा पावडरचा डबा उघडून मला दाखवला. आत मिशी होती.

"हे त्याईच्या संगं जाळाची राह्यली, भाऊ."