टेनिसवालीचा हंगाम

नव्या ताडपत्रीचा वास आला, की मला दसऱ्यानंतरची एक दुपार आठवते. आई अंगणात ऊसतोडीला जायची बांधाबांध करत होती; फडावरच्या झोपडीसाठी आणलेली नवी ताडपत्री शेजारी पडली होती. बीडच्या कॉलेजात माझं नाव घातलं होतं, पण पोरगी एकटी कशी राहील म्हणून वडील मला टोळीबरोबरच न्यायचं म्हणत होते. मी मोबाईलवर एका परदेशी टेनिस खेळाडूची मॅच बघत बसले होते. कित्येक वर्षं ती पहिल्याच फेरीत हरायची, त्या हंगामात मात्र मोठमोठ्या खेळाडूंना हरवत होती. आई हातातलं काम ठेवून वाकली. “एकटीच खेळती व्हय? जोडीदार न्हाई?” आमच्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात, म्हणून तिला नवल वाटलं असावं. “एकटीच. दर आठवड्याला नवं गाव.” “आन् हरली तर?” “पुढच्या गावाला जायचं, परत खेळायचं.” “लई हरली आसंल मग,” असं म्हणून आई बराच वेळ बघत राहिली. नंतर तिने बांधलेलं भांड्यांचं गाठोडं सोडलं, त्यातलं एक ताट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “हे हॉस्टेलात ने. बापाला मी सांगती.” आता उसाच्या फडातून तिचा फोन आला, की ती आधी माझं जेवण विचारते आणि मग, ती टेनिसवाली सध्या कोणत्या गावाला आहे ते.