वेल्क्रोची परीक्षा

आमच्या कंपूतले किस्से म्हणजे गाडीच्या डिकीतली वाळू. शेवटचं बीचवर कधी गेलो ते आठवत नाही, पण झटकायला घेतली की निघतच राहते. परवा एकाने सहज विचारलं, “तुम्ही दर शनिवारी पॉइंट कुकच्या लायब्ररीत करता तरी काय?” मी म्हटलं, लहान मुलांसाठी गोष्टी लिहितो आणि वाचतो. तो म्हणाला, “एवढंच?”

मग त्याचा चहा गार होईपर्यंत मी त्याला सोडलं नाही.

कंपू म्हणजे तीनच माणसं. एक ईना. सत्तरी ओलांडलेली, स्कॉटलंडच्या पार उत्तरेची, आयुष्यभर शाळेत शिकवून रिटायर झालेली. दुसरा मंदार. पुण्याचा, आयटीतला, सहा वर्षांच्या ईराचा बाबा. तिसरी मी, सई. मीही पुण्याचीच. युनिव्हर्सिटीसाठी इथे ऑस्ट्रेलियात आले, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर इथलीच झाले. एका गोदामाच्या ऑफिसात शिफ्टचे रोस्टर लावते. स्वभावाने घाबरट. टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी दचकते. रोज तोच टोस्टर, तोच ब्रेड.

*

या कंपूत मी शिरले तीही दचकूनच.

लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले होते. शांतता होती. आणि एकदम शेल्फच्या पलीकडून खर्जातला आवाज आला, “माझ्या बेटावर कोण झोपलंय?”

मी “आई गं!” करून किंचाळले. हातातली पुस्तकं खाली, पर्स खाली, पर्समधून डबा खाली.

पलीकडे वीसेक मुलं खदाखदा हसली आणि शेल्फच्या कडेने एक पांढरं डोकं बाहेर आलं. अंगात हाताने विणलेला निळा स्वेटर. मला वाटलं, आता ही बाई मला बाहेर काढणार.

“पुढच्या शनिवारी मोकळी आहेस का?” ईनाने विचारलं. “इथेच उभी राहशील? राक्षसाला घाबरणारं कुणीतरी लागतं. ही मुलं हल्ली मला दाद देत नाहीत.”

पुढे कित्येक शनिवार मी त्या शेल्फमागे उभी राहून किंचाळले. मंदारला अजून वाटतं, मी ॲक्टिंग करायचे. ॲक्टिंग कसली! राक्षस कधी ओरडणार ते मला पाठ होतं, तरी दर वेळी खरीच दचकायचे.

*

मंदार आला तो हॅलोविनमुळे.

स्कॉटलंडची पद्धत अशी की दारात येऊन नुसती पिशवी पुढे केली तर काही मिळत नाही. गाणं म्हणा, विनोद सांगा, नाच करा, मग खाऊ. ईनाने इथे येऊनही ती पद्धत सोडली नाही. मोठी मुलं तिच्या दारात यायची, “करून काय दाखवणार?” ऐकलं की शेजारच्या दाराकडे वळायची.

त्या वर्षी चेटकिणीची टोपी घातलेली ईरा आली. मागे मंदार. ईनाने विचारलं, “करून काय दाखवणार?” ईराने बाबाकडे बघितलं. मंदार पुटपुटला, “अगं, आजीला फोनवर म्हणून दाखवतेस ते म्हण.”

ईराने डोळे मिटले आणि झुलत झुलत सातचा पाढा म्हटला. मराठीतून, सुरात, सात दाहे सत्तरपर्यंत.

ईना छातीवर हात ठेवून ऐकत होती. “अंगावर काटा आला. कसला मंत्र आहे हा?”

मंदार आयटीतला. खरं तेच सांगितलं.

“हे आणखी कुणाला सांगू नकोस,” ईना म्हणाली आणि ईराच्या पिशवीत ओंजळभर चॉकलेटं टाकली.

पुढच्या शनिवारपासून ईनाच्या गोष्टीतली म्हातारी चेटकीण कढई ढवळताना सातचा पाढा म्हणू लागली. आज आमच्या भागातल्या ऑझी, चिनी, पंजाबी मुलांना विचारा. वाढदिवसाच्या केकवर फुंकर मारताना “सात सक बेचाळीस” म्हणतात आणि चाकू फिरवतात.

*

आता वेल्क्रो.

ईना म्हणते, मोठी माणसं गोष्टीबद्दल खोटं बोलतात, मुलांचे पाय खोटं बोलत नाहीत. म्हणून कंपूचा नियम असा: लिहिणाऱ्याने स्वतःची गोष्ट वाचायची नाही, कारण लिहिणारा आवाजातून भीक मागतो. वाचणार दुसरं कुणीतरी. लिहिणाऱ्याने मुलांच्या मागे बसायचं आणि ऐकायचं. मूल कंटाळलं की त्याचा हात बुटाकडे जातो. चर्र. बुटाचा पट्टा उघडला. चर्र. पुन्हा लावला.

तिसरा चर्र ऐकू आला की गोष्ट बंद. वाक्य अर्धं असलं तरी बंद. ईना उठते आणि चहाला जाते.

गोष्ट चर्र न होता पार पडली तर ईना तिची पानं स्टेपल करते, पुठ्ठ्याचं कव्हर लावते आणि तिच्या लाकडी पेटीत ठेवते. ही पेटी तिच्या आजीची, बोटीतून आलेली. मुलं घरी न्यायला तिच्यातलं काहीही उचलू शकतात. पेटीत ईनाच्या कितीतरी गोष्टी होत्या. मंदारचीही एक होती. माझी एकही नव्हती.

माझी पहिली गोष्ट मंदारने वाचली. अगदी स्कॉटिश लिहायची म्हणून मी तिच्यात घातले जांभळे डोंगर, दीपगृह, आणि बर्फ. खूप बर्फ. पहिलं पान बर्फातच गेलं. दुसऱ्या पानावर तीन चर्र.

चहा घेताना ईनाने विचारलं, “लॅस, तू बर्फ पाहिलायस का गं?” लॅस म्हणजे पोरी.

“पाहिलाय.”

“कुठे?”

“फ्रीजरमध्ये.”

“मग फ्रीजरची गोष्ट लिही,” ती म्हणाली. “आणि पहिल्या पानावर कुणालातरी भूक लागू दे, नाहीतर कुणीतरी हरवू दे. बाकी सगळं हवामान.”

*

मंदारला हसायची सोय नव्हती. त्याच्याही पहिल्या गोष्टीतला ड्रॅगन इतका समजूतदार होता की गावात शिरण्याआधी सगळ्यांची परवानगी घ्यायचा. ज्यांना गैरसोय होईल त्यांना आधी कळवायचा.

ईनाने शांतपणे विचारलं, “मंदार, या ड्रॅगनला बढती हवी आहे का?”

मंदारने घरी जाऊन ड्रॅगनला दोन दिवस उपाशी ठेवला. तीच गोष्ट पेटीत गेली.

*

माझी दुसरी गोष्ट शेवटपर्यंत पोचली. एकही चर्र नाही! मी मागे बसून श्वास रोखला होता. हरवलेलं कोकरू सापडलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मंदारने पुढचा शब्द वाचला: “तात्पर्य.”

लहानपणापासून प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य वाचलं होतं हो. त्याशिवाय गोष्ट म्हणजे मला दार न लावता घराबाहेर पडल्यासारखं वाटतं. चांगलं परिच्छेदभर लिहिलं होतं. वडीलधाऱ्यांचं ऐकावं, कळप सोडू नये, वगैरे.

परिच्छेद संपेपर्यंत मुलं बूट काढून, घालून, बाहेर पार्किंगमध्ये पोचली होती.

“मुलं उठली,” ईना म्हणाली. “मग हे तू कुणाला सांगत होतीस?”

“पुण्याला,” मंदारने परस्पर उत्तर दिलं.

*

मग एका शनिवारी ईनाने बातमी दिली. तिकडे तिची बहीण एकटी आहे, पडली, आता हिंडता येत नाही. ईना परत चालली होती. कायमची. जूनच्या अखेरीस.

मी नेहमीप्रमाणे नको ते बोलले, “आणि पेटी?”

“पेटी इथेच. मुलांची आहे ती.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझी एक गोष्ट तिच्यात टाकून जायचंय मला. काम अर्धं सोडून निघायची सवय नाही.”

“मला जमत नाही, ईना.”

“तू लोकांना आवडेल असं लिहितेस. तुला कशाने धडकी भरते ते लिही. तुझ्याकडे काय कमी साठा आहे?”

घरी येऊन मी विचार करत बसले. टोस्टर, हँड ड्रायर, अनोळखी नंबर, डोक्यावर झेपावणारे मॅगपाय पक्षी. एकाचीही गोष्ट होईना.

*

गोष्ट आणली माझ्या आईने.

आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. माझ्या शेजारी ब्रेट राहतो, एकटाच, दर रविवारी सर्फिंगला जाणारा. मी ऑफिसात असताना पाऊस आला. आईने कुंपणावरून पाहिलं, तर ब्रेटचे कपडे दोरीवर भिजतायत आणि घरात कुणी नाही. शेजारधर्म! आई मागच्या फाटकातून आत गेली आणि सगळे कपडे काढून आमच्या घरी घेऊन आली.

मी परत आले तेव्हा ब्रेट आमच्या दारात उभा होता. “माझा सर्फिंगचा वेटसूट गेला,” तो म्हणाला. “कुणी नेला कळत नाही. दोरी रिकामी आहे. उद्या टॉर्कीच्या किनाऱ्यावर स्पर्धा आहे माझी.”

आतून आई आली. हातात ब्रेटच्या टीशर्टांची कडक इस्त्रीची चळत. सर्वांत वर तो काळा रबरी वेटसूट, चौकोनी घडी घातलेला, घडीत डांबराच्या गोळ्या.

“कळकट वास येत होता,” आई मला म्हणाली. “डेटॉलच्या पाण्यातून काढला. इस्त्री नाही केली हं, चिकटेल असं वाटलं. बिचाऱ्याला करणारं कुणी दिसत नाही.”

ब्रेटने वेटसूट छातीशी धरला. आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, ते आनंदाचं की डांबराच्या गोळ्यांचं, देव जाणे. “नो वरीज,” तो म्हणाला. “थँक्स, आन्टी.”

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत तो दुसरा आला. म्हणाला, पाण्यात कुणी माझ्या जवळच येत नव्हतं.

*

त्याच रात्री मी लिहायला बसले.

ईनाच्या किनाऱ्यावरची एक फार जुनी गोष्ट आहे. तिकडच्या समुद्रातले सील किनाऱ्यावर येऊन कातडी उतरवतात आणि माणूस होतात. पण कातडी कुणी पळवली तर त्यांना परत जाता येत नाही. ईनाच्या सगळ्या गोष्टींत ती कातडी कुणीतरी दुष्ट माणूस पळवतो.

माझ्या गोष्टीत एक सीलबाई पॉइंट कुकला भाड्याने राहते. कातडी धुऊन दोरीवर टाकते. पाऊस येतो. शेजारची मावशी, जगातली सगळ्यात चांगली बाई, ती काढून नेते, घडी घालते, गोळ्या टाकून कपाटात ठेवते आणि विसरून जाते. सीलबाईला सूर्य बुडायच्या आत समुद्रात परतायचंय. ती दारात येते, मावशी तिला पोहे देते. गुपित फुटेल म्हणून ती कातडी मागू शकत नाही, मावशी जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि सूर्य खाली चाललाय.

तात्पर्य लिहिलं नाही. हात शिवशिवत होता, पण नाही लिहिलं.

*

ईनाचा शेवटचा शनिवार. बाहेर इथली जूनची थंडी, आत हीटर, गालिच्यावर दाटीवाटीने मुलं. ईनाने पेटी उघडून समोर ठेवली होती. मंदार वाचणार होता. सुरू करायला पाच मिनिटं असताना त्याचा फोन वाजला. ऑफिसात कुठलीशी सिस्टिम बंद पडली होती. तो फोन कानाला लावून बाहेर गेला आणि काचेतून मला हातवारे करू लागला: तू, तू वाच.

मी ईनाला म्हटलं, “नियम आहे. लिहिणाऱ्याने वाचायचं नाही.”

“आवाजातून भीक मागू नकोस, झालं,” ती म्हणाली, आणि माझ्या नेहमीच्या जागी, मुलांच्या मागे जाऊन बसली.

मी वाचायला लागले. आवाज कापत होता. पण गंमत म्हणजे सीलबाईचाही कापायलाच हवा होता. दोरी रिकामी दिसते तिथे मी स्वतःच दचकले, आणि माझ्याबरोबर पहिली रांग दचकली. पोह्यांपाशी ईरा ओरडली, “डोंट ईट इट! गो!” कपाटाचं दार उघडलं. डांबराचा वास आला. कातडी सापडली. शेजारची सगळी मुलं सीलबाईला पोचवायला समुद्रावर धावत निघाली. लाटांपाशी ती वळून त्यांना म्हणते, “माझ्याबरोबर गुडघ्यापर्यंत यायचं तर या, पण समुद्रात पायात बूट घालून जायचं नसतं.”

मी पान उलटलं.

चर्र.

मी घाईने पुढची ओळ वाचली.

चर्र.

एक ओळ, फक्त एक ओळ नीट ऐका रे, असं मनात म्हणत होते, तोच,

चर्र.

नियम म्हणजे नियम. मी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि पानं मिटली. डोळे वर करायचं धाडस होईना. पण चर्र चर्र थांबेचना. चार, पाच, मग मोजता येणार नाहीत इतके, सगळीकडून, पाऊस लागावा तसे.

“सई मावशी,” ईराचा आवाज आला. “व्हाय डिड यू स्टॉप?”

मी वर बघितलं. ईरा मोजे काढत होती. तिच्या शेजारचा मुलगा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडत होता. सगळा गालिचा अनवाणी पायांनी भरला होता, आणि रिकामे बूट भिंतीशी ओळीने लागले होते.

मागे ईना वाकली होती. तिचे बूट लेसचे, म्हणून वेळ लागत होता. एक काढून झाला होता. दुसरा हातात घेऊन, मांडीवरचा स्टेपलर सांभाळत तिने माझ्याकडे बघितलं.

“थांबलीस काय, लॅस?” ती म्हणाली. “सूर्य बुडतोय ना.”